दिवा लावला की आई हसते

मित्रांनो, मी एक जुना गोल दिवा आहे. तुमच्या घरी किंवा शेजारी कोणी फोनवर व्हिडिओ काढत असेल, तर माझी जात तुम्ही नक्की पाहिली असेल. बांगडीसारखा गोल आकार, मध्ये मोठे भोक, त्या भोकात फोन धरायचा चिमटा आणि खाली तीन पायांचा स्टँड. लोक मला रिंग लाइट म्हणतात. माझा एक पाय आता चिकटपट्टीने बांधलेला आहे आणि कडेचे पांढरे प्लास्टिक पिवळट झाले आहे. हल्ली माझे तोंड खाली असते. ते का खाली असते, तेच आज तुम्हाला सांगणार आहे.

आधीच सांगून ठेवतो, ही काही पराक्रमाची गोष्ट नाही. छत्री आपली कहाणी सांगते तेव्हा म्हणते, मी किती जणांना भिजू दिले नाही. घड्याळ म्हणते, मी किती जणांना वेळेवर पोहोचवले. मी मात्र एका बाईचा थकवा लपवला, आणि तो इतका बेमालूम लपवला की तिच्या घरच्यांनाही दिसला नाही. मला त्यासाठीच तर आणले होते, असे म्हणून हात झटकावेत असे कधी कधी वाटते. पण देवाने मला तीन पाय दिले, हात काही दिले नाहीत.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे सरकत्या पट्ट्यावरून माझे भाग एकामागून एक येत. कोणी बारीक दिव्यांची माळ चिकटवी, कोणी वायर जोडी, कोणी वरून दुधी झाकण बसवी. सगळ्यात शेवटच्या टेबलावर एक तपासनीस बाई बसलेली असे. प्रत्येक दिवा पेटवायचा, पांढरा, पिवळा आणि मधला असे तिन्ही उजेड बघायचे, उजेड कमी-जास्त करून पाहायचा आणि दिवा खोक्यात भरायचा, एवढे तिचे काम. माझी पाळी आली तेव्हा ती सकाळपासून बसून आंबून गेली होती. तिचे डोळे लाल झाले होते. तिने मला पेटवले आणि समोरच्या छोट्या आरशात स्वतःकडे पाहिले. मग शेजारच्या बाईला म्हणाली, "बघ गं, आत्ता झोपून उठल्यासारखी दिसतेय मी." शेजारची हसून म्हणाली, "मग बस आणखी दोन तास."

मला त्या दिवशी फार अभिमान वाटला. मी हिचा शीण घालवला, असेच मी समजलो. शीण जाणे वेगळे आणि शीण न दिसणे वेगळे, एवढी अक्कल मला तेव्हा नव्हती. खोके बंद झाले आणि मी अंधारात खूश होऊन पडून राहिलो.

खोके उघडले ते एका छोट्या घराच्या मागच्या खोलीत. खोलीला एक खिडकी होती. खिडकीखाली घडीचे टेबल, भिंतीला लागून प्लास्टिकचे खण, आणि प्रत्येक खणात एकेका रंगाचे लोकरीचे गुंडे. एका जुन्या पत्र्याच्या डब्यात खेळण्यांचे डोळे होते, काळे, चकचकीत, छोटे-मोठे. कोपऱ्यात पुठ्ठ्याची खोकी आणि चिकटपट्टीची चाके. या खोलीत एक बाई क्रोशाच्या सुईने लोकरीची खेळणी विणत असे. ससे, कासवे, अस्वले, हत्ती. हे विणकाम तिला तिच्या आईने शिकवले होते. ती खेळणी फोनवरून विकायची. गिऱ्हाइके आणि व्हिडिओ बघणारे लोक तिला बाहुलीताई म्हणत, म्हणून मीही तेच म्हणतो.

घरात आणखी दोन माणसे होती. बाहुलीताईचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर या इमारतीतून त्या इमारतीत फिरायचा आणि संध्याकाळी काळे हात घेऊन घरी यायचा. आणि त्यांची मुलगी. तिचे खरे नाव शाळेपुरते होते, घरी सगळे तिला ठकी म्हणत. मी आलो तेव्हा ठकी इतकी लहान होती की माझा स्टँड धरून उभी राहायची आणि मी डगमगलो की आधी स्वतःच आपटायची.

पहिले दिवस फार सुखाचे होते, मित्रांनो. बाहुलीताई माझ्यासमोर बसायची, माझ्या भोकात फोन अडकवायची आणि म्हणायची, "नमस्कार मंडळी, मी तुमची बाहुलीताई." मग विणता विणता गप्पा मारायची. टाका चुकला तर हसायची, उसवायची, पुन्हा घालायची. तेव्हा मला अगदी मंद ठेवलेले असायचे, कारण खिडकीतून भरपूर उजेड यायचा. बघणारे कौतुक करत. ऑर्डरी येऊ लागल्या. लिफ्टवाले बाबा सुट्टीच्या दिवशी खोकी बांधू लागले. मला दर आठवड्याला मऊ फडक्याने पुसले जाई. बाहुलीताई एकदा नवऱ्याला म्हणाली, "हा दिवा आणल्यापासून आपला जम बसला बघा." मी फुगून दुप्पट झालो.

याच दिवसांत ठकीने एक हत्ती मागितला. लोकरीचा रंग तिने स्वतः निवडला. हत्ती जांभळा हवा म्हणाली. हत्ती जांभळा नसतो, असे बाबांनी सांगून पाहिले. तर म्हणाली, माझा असतो. वाढदिवसाला देईन, असे आईने कबूल केले.

हत्तीचे अंग झाले, सोंड झाली, चार पाय झाले, एक कान झाला. दुसरा कान विणताना बाहुलीताईने त्याचा व्हिडिओ काढला. हत्तीचा कान मोठा मजेशीर विणतात. मधोमध सुरुवात करून पंख्यासारखा पसरवत न्यायचा. व्हिडिओ पळवला की जणू कान आपोआप उमलतो. तो व्हिडिओ एवढ्या लोकांनी पाहिला की फोन दिवसभर टुणटुणत राहिला. लोक म्हणाले, ताई, कान पुन्हा दाखवा. आता प्रत्येक वेळी नवा हत्ती कोण विणत बसणार? म्हणून बाहुलीताईने तयार कान उसवला आणि कॅमेऱ्यासमोर पुन्हा विणला. पुढच्या आठवड्यात तेच, आणि त्याच्या पुढच्या आठवड्यातही तेच. ठकीच्या हत्तीला घरात 'शूटिंगचा हत्ती' असे नाव पडले. वाढदिवस आला तेव्हा ठकीला दुकानातली सायकल मिळाली. ती सायकल चालवून आली आणि तिने हत्तीचे विचारले. आई म्हणाली, या रविवारी नक्की. ठकीने बोटांवर रविवार मोजायला सुरुवात केली आणि काही दिवसांनी सोडून दिली.

मी हे सगळे वरून बघत होतो. कान उमलताना मीच त्यावर उजेड पाडत होतो.

मित्रांनो, फोनवरचा धंदा हे विचित्र प्रकरण आहे. दुकानाला शटर असते. संध्याकाळी ते खाली ओढले की दुकानदार घरी जातो. बाहुलीताईचे दुकान तिच्या खिशात होते आणि त्याला शटर नव्हते. जेवताना कोणी विचारी, ससा धुतला तर चालेल का? आंघोळीहून आली तर कोणी लिहिलेले असे, ताई, काल दिसला नाहीत, बऱ्या आहात ना? तिला एक मैत्रीण होती, मेणबत्त्या बनवून अशाच विकणारी. ती मेणबत्तीवाली म्हणायची की एक दिवस दांडी मारलीस तर फोन तुला मागे टाकतो, दोन दिवस मारलीस तर लोक विसरतात. हे ऐकल्यापासून बाहुलीताईचा जीव कशातच लागेना. ती विणायला बसली की तिला वाटायचे, व्हिडिओ राहिला. व्हिडिओ काढायला बसली की वाटायचे, ऑर्डरी राहिल्या. ठकीजवळ बसली की दोन्ही राहिल्याची बोचणी, आणि उठली की ठकी राहिल्याची. कुठेही बसली तरी ती दुसरीकडे कुठेतरी अपराधी असायची.

तिला हे सगळे सोडून कुठेतरी निघून जावेसे वाटे. एकदा तर तिने नवऱ्याला विचारले की लिफ्ट मध्येच अडकते तेव्हा आत फोन लागतो का. तो म्हणाला, बहुतेक नाही लागत. ती म्हणाली, "किती बरं." तो हसला. तिला गंमत करायची नव्हती, हे त्याच्या लक्षात आले नाही. कारण त्याच सकाळी त्याने कामावर तिचा नवा व्हिडिओ पाहिला होता, आणि त्यात ती टवटवीत दिसत होती. तिला टवटवीत मी केले होते.

तोवर तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळे आली होती. फोनवर बघणाऱ्यांना ती दिसू नयेत म्हणून ती माझे बटण दाबायची. आधी मी मंद होतो, मग मध्यम झालो, मग पुरता पेटलो. मी पुरता पेटलो की काळे वर्तुळ काय, सुरकुतीसुद्धा दिसत नाही. फक्त डोळ्यांत माझी दोन पांढरी कडी चमकतात. लोक लिहायचे, ताई, तुमच्या डोळ्यांत किती तेज आहे! ते तेज माझे होते, तिचे नव्हते. मी ते सांगू शकत नव्हतो. आणि खरे सांगतो, सांगता आले असते तरी मी तेव्हा सांगितले नसते, कारण मला कौतुक आवडत होते.

एकदा तिने आठवडाभर सुट्टी घ्यायचे ठरवले. मेणबत्तीवाली म्हणाली, मग आधी साठा करून ठेव. म्हणून बाहुलीताईने एका दिवसात आठवड्याभराचे व्हिडिओ काढले. एक काढला की कपडे बदलायची, केस वेगळे बांधायची आणि पुन्हा माझ्यासमोर येऊन म्हणायची, "आज सकाळी उठले आणि मनात आलं..." दुपारपर्यंत तिच्या आठवड्याभराच्या सकाळी झाल्या. शेवटी तिचा आवाज बसला. मग सुट्टी सुरू झाली आणि ती सुट्टीभर तो साठा कसा चालला आहे ते बघत, लोकांना उत्तरे देत घरातच बसली. विसाव्यासाठी दुप्पट काम केले आणि विसाव्यात उरलेले. ठकीने तिला विचारले, सुट्टी उद्यापासून आहे का?

तिची आई दुसऱ्या गावी राहायची. पूर्वी दोघी रोज फोनवर बोलायच्या. मग बोलणे कमी झाले, कारण आजी म्हणायची, तुला रोज बघते की मी, छान दिसतेस, कामात असशील, नको उगाच. म्हणजे माझ्या उजेडाने आजीलाही फसवले होते. पण सगळे नाही फसवता आले. एकदा बाहुलीताईने फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला होता, म्हणून मला पलीकडचे ऐकू आले. आजी म्हणाली, "टाके फार घट्ट पडायला लागलेत गं तुझे. बरी आहेस ना?"

विणणाऱ्यांना हे ठाऊक असते. माणूस ताणात असला की दोरा ओढून धरतो, आणि टाका आवळतो. बाहुलीताईने हातातले विणकाम टेबलावर ठेवले. मग म्हणाली, "हो गं, बरी आहे. सुई नवीन आहे ना, म्हणून." टेबलावर तीच जुनी सुई पडली होती. तिच्या आईनेच दिलेली.

आता ज्या दुपारमुळे मी आज हे बोलतो आहे, तिच्याकडे येतो.

त्या दुपारी बाहुलीताई माझ्यासमोरच्या खुर्चीत बसली होती. व्हिडिओ काढून झाला होता आणि मी बंद होतो. चिमट्यातला फोन काढून तिने टेबलावर पालथा घातला होता. काही झालेही नव्हते. कोणी लिहिले होते की ताई, आता पूर्वीसारखी मजा येत नाही, बस एवढेच. ती हात मांडीवर टाकून बसली होती आणि तिचे डोळे उघडे असूनही कशाकडेच बघत नव्हते. माझ्या उजेडाशिवाय तिचा चेहरा मी पहिल्यांदाच नीट पाहिला. तो चेहरा मला ओळखू आला नाही.

ठकी शाळेतून आली. दारात उभी राहिली. तिची एक मूठ घट्ट मिटलेली होती. तिने "आई" अशी हाक मारली. आई "हं" म्हणाली. पुन्हा मारली, पुन्हा "हं". ठकी जराही चिडली नाही, रुसली नाही. ती सरळ माझ्याकडे आली, वायरीवरचे माझे बटण शोधले आणि दाबले. मग पुन्हा पुन्हा दाबत मला पुरते पेटवले.

मित्रांनो, मला पेटायचे नव्हते. पण दिव्याला कोण विचारतो?

माझा उजेड तोंडावर पडला आणि बाहुलीताई ताठ झाली. तिने केसांची बट कानामागे सारली. ओठ वर गेले, डोळे मोठे झाले आणि ती गोड आवाजात म्हणाली, "नमस्कार मंडळी, मी तुमची बाहुलीताई." तेवढे बोलून ती थांबली. चिमट्यात फोन नव्हता. माझ्या रिकाम्या भोकातून ठकी तिच्याकडे बघत होती आणि खूश होऊन हसत होती. पुढचा एक दात नव्हता.

"आई, माझा दात पडला," ठकीने मूठ उघडून दाखवली.

आईने दाताकडे पाहिले, मग माझ्याकडे. तिने हळूच विचारले, "दिवा का लावलास गं?"

ठकी म्हणाली, "दिवा लावला की तू हसतेस."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. बटण दाबले की लिफ्ट येते, हे जसे तिच्या बाबांनी तिला शिकवले होते, तसेच हे तिचे तिने शिकून घेतले होते. आणि शिकून किती दिवस झाले असतील, कोण जाणे. मी मागच्या दुपारी आठवू लागलो. मला बंद केल्यावर कितीदा कोणीतरी हळूच पेटवले होते, आणि बाहुलीताईला वाटले होते की बटण बिघडले आहे.

बाहुलीताईने दाताचे कौतुक केले. ठकीला जवळ घेतले. पण मला बंद करायला ती विसरली. त्या पांढऱ्याशुभ्र उजेडात ती रडते आहे हे ठकीला कळलेही नाही. एवढा मी चोख काम करत होतो.

संध्याकाळी नवरा आल्यावर तिने त्याला सगळे सांगितले. तो बराच वेळ हातावरचे तेल पुसत बसला. मग म्हणाला, थोडे दिवस बंद कर. ती म्हणाली, असे एकदम कसे बंद करू, लोक काय म्हणतील? तेव्हा तो म्हणाला, "लिफ्ट दुरुस्त करायची तर आधी बंद करावी लागते. चालत्या लिफ्टमध्ये हात घातला तर हात जातो." त्याला यापलीकडे उपदेश येत नव्हता. पुढे तो खाली मान घालून म्हणाला की मला तुझ्याकडे बघायला हवं होतं, मी फोनमध्ये बघत राहिलो.

मला वाटले, सुटलो आपण. पण धंद्याची सवय अशी सहज जात नाही. दुसऱ्या दिवशी बाहुलीताईने ठरवले की लोकांना सांगून थांबायचे. मी थकले आहे, काही दिवस येणार नाही, एवढे सांगायचे. आणि ते सांगायला तिने पुन्हा मलाच पेटवले.

ती बोलू लागली आणि तिला खरोखर रडू आले. मनातले सगळे भडाभडा बोलली. नंतर बघते तर फोन चिमट्यात तिरका झाला होता आणि तिचे कपाळ चौकटीबाहेर गेले होते. म्हणून तिने पुन्हा सुरुवात केली. या वेळी शब्द नीट आले, पण रडू येईना. तिसऱ्यांदा तिने व्हिडिओ काढून बघितला आणि तिला वाटले, यात मी फारच ताजी दिसते, मी थकले आहे यावर कोण विश्वास ठेवणार? मग तिने मला कमी केले. पांढऱ्याचा पिवळा केला. पुन्हा थोडा वाढवला. ती जेवढी थकली होती तेवढीच थकलेली दिसावी म्हणून ती माझी बटणे दाबत होती. मी मनात म्हणत होतो, बाई, मला बंद कर, आपोआप दिसशील. चौथ्यांदा बरोबर हव्या त्या शब्दावर तिच्या डोळ्यांतून पाणी आले.

ठकी दारात उभी होती. पोटाशी शूटिंगचा हत्ती धरलेला, त्याचा दुसरा कान अर्धाच, आणि लोकरीचे टोक जमिनीवर लोंबत होते. आईचे काम चालू असताना मध्ये येऊ नये, आवाज करू नये, हे तिला पाठ होते. आई थांबली तसे तिने अगदी हळू आवाजात, शहाण्या मुलीसारखे विचारले, "आई, अजून एकदा रडायचंय का? मी थांबते."

बाहुलीताईने माझ्याकडे पाहिले. मला त्या क्षणी फुटून जावेसे वाटले. पण माझ्यात काचच नाही, मी फुटणार तरी कसा?

"नाही," ती म्हणाली. "झालं."

तिने माझी वायर भिंतीतून ओढून काढली. चारही व्हिडिओ पुसून टाकले. मग दोनच वाक्ये लिहिली, की घेतलेल्या ऑर्डरी पूर्ण करीन, आणि व्हिडिओ तूर्त नाहीत. ना फोटो, ना फुले, ना हात जोडलेले चित्र. फोन बंदही न करता तिने तो खेळण्यांच्या डोळ्यांच्या डब्यात टाकला आणि झाकण लावले. डब्यात फोन थरथरला की आतले सगळे डोळे खुळखुळायचे. पहिल्यांदा खुळखुळले तेव्हा तिचा हात अर्धा उचलला गेला. तिने तो हात स्वतःच्या मांडीखाली घालून त्यावर बसून घेतले. ठकीला तो खेळ वाटला. तीही आपल्या हातावर बसली.

मग दोघी खिडकीपाशी गेल्या. कानाची लोकर उसवून उसवून विसविशीत झाली होती, तिला जागोजाग गाठी पडल्या होत्या आणि तंतू सुटले होते. ती टाकून द्यावी लागली. नवा गुंडा काढला तर जांभळा तंतोतंत जुळेना, जरा फिकट निघाला. बाहुलीताईने फिकट जांभळ्याने कान विणायला घेतला. ठकी सांगत होती की दात कसा पडला, बाकावरच्या मुलीने काय केले, बाई काय म्हणाल्या. आई ऐकत होती. मध्येच ती गप्प व्हायची, मध्येच डब्याकडे बघायची, पण विणत होती. कान हत्तीला शिवला तेव्हा कळले की तो पहिल्या कानापेक्षा बराच मोठा झाला आहे. टाके तेवढेच होते, फक्त सैल पडले होते. बाहुलीताई म्हणाली, उसवून पुन्हा विणते, लहान करते.

ठकीने हत्ती घट्ट धरला. "नको. या कानाने तो नीट ऐकतो," ती म्हणाली.

त्यानंतर बाहुलीताईने डबा उघडला आणि एकच फोन केला. तिकडून आजीचा आवाज आला. बाहुलीताई कशी आहेस वगैरे काही म्हणाली नाही. ती म्हणाली, "आई, सुई जुनीच होती गं." मग आजी म्हणाली, "माहीत आहे मला. केव्हा येतेस?"

ते आजीकडे जायला निघाले तेव्हा मला कपाटावर टाकले. प्रवासाची पेटी काढताना लिफ्टवाल्या बाबांच्या हातून मी खाली पडलो आणि माझा पाय मोडला तो तेव्हाच. त्यांनी चिकटपट्टी गुंडाळून मला पुन्हा वर ठेवले. मग मी तिथे फार काळ पडून राहिलो. माझ्यावर धूळ बसली, एका कोळ्याने माझ्या भोकात जाळे विणले. दुसरी वस्तू असती तर म्हणाली असती, बघा, गरज सरो नि वैद्य मरो. मला मात्र तशी तक्रार करायची हिंमत झाली नाही. मला वाटायचे, पडून राहिलो तर निदान कोणाला फसवणार तरी नाही.

सगळे गोडगोड झाले असे समजू नका. ऑर्डरी खूप कमी झाल्या. मेणबत्तीवाली म्हणाली, स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतलास. लिफ्टवाल्या बाबांना जास्तीची कामे घ्यावी लागली. बाहुलीताईचा हात अजूनही मध्येच डब्याकडे जातो आणि रिकामी बसली की अजूनही तिला काहीतरी चुकल्यासारखे वाटते. ती आता कधीमधी फोटो टाकते, खेळणे पुरे झाले की. संध्याकाळी फोन डोळ्यांच्या डब्यात जातो आणि झाकण लागते. तेच तिचे शटर.

एक दिवस खिडकीबाहेर आभाळ भरून आले होते आणि तिला टाके दिसेनात. तिने मला कपाटावरून काढले, जाळे पुसले आणि टेबलाच्या कडेला बांधले. बांधताना माझे तोंड खाली वळवले. आता माझा उजेड फक्त तिच्या हातांवर आणि सुईवर पडतो. चेहऱ्यापर्यंत तो जात नाही.

मध्यंतरी मेणबत्तीवाली येऊन समोर बसली. तिने खालच्या आवाजात विचारले, तू बंद कसे केलेस? उत्तर यायच्या आत सवयीने म्हणाली, "दिवा जरा वर कर ना, दोघींचा एक फोटो काढू." बाहुलीताई म्हणाली, "राहू दे तो खालीच. तू बोल."

मित्रांनो, मला वापरू नका असे मी म्हणत नाही. काम झाले की वायर काढा, कोरड्या फडक्याने पुसा, ओल्या हाताने बटण दाबू नका. आणि तुमची आई, ताई, बाबा, कोणीही माझ्यासमोर बसून सुरेख हसत असेल, तर एकदा मला बंद करा आणि मग त्यांच्याकडे बघा. विचारायचे ते तेव्हा विचारा. माझ्यावर विश्वास ठेवू नका.

ठकी आता मोठी झाली आहे. काही सांगायचे असले की ती या खोलीत येते. अजूनही कधी कधी तिचा हात आपोआप माझ्या बटणाकडे वळतो. मग ती थांबते, वाकून आधी आईचा चेहरा बघते. आई कधी हसते, कधी नुसतीच म्हणते, "दमलेय गं आज. सांग तू." आणि ठकी सांगू लागते. तिचा तो थांबलेला हात दिसला की मला माझे तोंड वर करावेसे वाटत नाही.